जुन्या एसट्या एका दिवसासाठी जुन्या मार्गावर: खान्देशात करूया का?

पांझराकाठ (धुळे)

दरवर्षी १ जूनला एसटीचा वर्धापनदिन होतो. स्टँडला आंब्याच्या पानांचं तोरण लागतं, रांगोळी निघते, एखाद्या गाडीला हार घालतात, प्रवाशांना पेढा देतात. चांगलंच आहे. पण १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर लाकडी बॉडीची, तीस आसनांची बेडफर्ड निघाली ती माणसं घेऊन निघाली होती. तिचा मान ठेवायचा तर जुन्या घाटणीची एक तरी गाडी आपल्या खान्देशात जुन्या मार्गावर, जुन्या थांब्यांवर थांबत, माणसं घेऊन चालली पाहिजे. कंडक्टरच्या खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, छताला दोरीची घंटी, काचेमागे पेंटरने रंगवलेली पत्र्याची पाटी.

मुंबईत १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी डबलडेकर धावली, तेव्हा लोक निरोप द्यायला रस्त्यावर आले होते. लंडनची जुनी लाल डबलडेकर, रूटमास्टर, ९ डिसेंबर २००५ ला १५९ क्रमांकाच्या मार्गावरून नेहमीच्या सेवेतून गेली. पण तिकडे जपून ठेवलेल्या रूटमास्टर हौशी मंडळी ठरलेल्या दिवशी बाहेर काढतात आणि जुना मार्ग पुन्हा चालवतात. आपल्याकडे निरोप भरपूर होतात. परत आणणं होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. प्रदर्शन नको. गाडी स्टँडवर सजवून उभी केली, लोकांनी पायरीवर उभं राहून फोटो काढले आणि संध्याकाळी ती आगारात गेली, असं करायचं असेल तर त्यात माझा जीव नाही. गाडी चालली पाहिजे.

माझ्या डोक्यात धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव आहे. हा रस्ता रुंद होताना दोन्ही बाजूंची झाडं गेली, फाट्यांवरचे थांबे इकडचे तिकडे झाले. जुने थांबे ज्यांना पाठ आहेत ती माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि त्याच ठिकाणी गाडी उभी करायची. दुसरे मार्ग कोणते घ्यावेत, सेवेतले कोणी इथे आहे का, नियमांत काय बसतं, सगळ्यांनी लिहा.

केळीबागवाला (सावदा)

पांझराकाठ भाऊ, धुळे-जळगाव घ्याच, पण अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता सोडू नका. अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर. सातपुड्याचा अख्खा पायथा या एका रस्त्यावर ओवलेला आहे. सुरत-भुसावळ रेल्वे तापीच्या दक्षिणेला राहिली. शहाद्यापासून यावलपर्यंत रूळच नाही, त्यामुळे शाळा, कोर्ट, दवाखाना, बाजार, सोयरीक, सगळं एसटीवर.

आणि गाडी चालवायचीच असेल तर डबे पाठवा. नुसती माणसं नकोत.

जळगावला खोली करून शिकणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. पहाटे आई भाकरी थापायची, डबा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची, फडक्याच्या टोकावर बॉलपेनने नाव आणि खाली ‘जळगाव स्टँड’. एवढाच पत्ता. सकाळच्या पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरकडे डबा सोपवायचा. त्याच्या डाव्या हाताला इंजिनचं बॉनेट असायचं, त्यावर जाड पोतं अंथरलेलं आणि पोत्यावर गावोगावचे डबे ओळीने मांडलेले. बॉनेट तापायचं आणि भाजी स्टँडपर्यंत ऊन ऊन राहायची. थंडीच्या दिवसांत भरीत आणि कळण्याची भाकरी असली की केबिनमध्ये वांग्याचा आणि डिझेलचा वास एकत्र यायचा. स्टँडवर पोरं वाट बघत उभी. ड्रायव्हर उतरायच्या आधी एकेक नाव वाचून खिडकीतून डबा खाली देणार. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. आमच्या गाडीवर याचे पैसे कधी कोणी मागितले नाहीत आणि डबा कधी दुसऱ्याच्या हाती गेला नाही.

त्या दिवशी सावदा-फैजपूरच्या बायका पुन्हा डबे देतील, हे मी खात्रीने सांगतो. जळगावला शिकणारी पोरं आजही आहेत आणि मेसचं खाऊन कंटाळलेली आहेत.

बिल्ला_वाहक (अमळनेर)

मी अमळनेर आगारातून वाहक म्हणून निवृत्त झालो. धागा वाचून राहवलं नाही.

नव्या पोरांना तिकिटाचं मशीनच माहीत आहे, म्हणून ट्रेचं सांगतो. ट्रेमध्ये वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे शेजारी शेजारी लावलेले असतात, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा. एसटीचं भाडं टप्प्यावर, एक टप्पा सहा किलोमीटरचा. माणूस चढला की कुठून, कुठे, किती टप्पे, पूर्ण की अर्धं, हा हिशोब डोक्यात करायचा. मग दोन-तीन किमतींची तिकिटं जोडून तेवढी रक्कम जुळवायची, पंच मारायचा, सुटे नसतील तर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची. हे सगळं उभ्याने, कंबर सीटच्या दांडीला टेकवून, गाडी खड्ड्यांतून जात असताना. बाजाराच्या दिवशी तर मांडीएवढी जागा नसायची. एका हातात ट्रे, दुसऱ्यात पंच, कोपरावर कोणाची तरी कोंबड्यांची पाटी.

त्यातच वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद. ठरलेल्या टप्प्यावर प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा नंबर लिहायचा. पुढच्या फाट्यावर तपासणीची गाडी उभी दिसली की साहेब चढून आधी वेबिल मागणार, मग माणसं मोजणार. एक तिकीट कमी निघालं तर मेमो. रात्री आगारात पैसे भरताना कमी पडले तर आपल्या खिशातून.

घंटी: एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. नवखा वाहक ओळखायचा असेल तर त्याची घंटी ऐका. तो दोन टोल्यांत फार वेळ घेतो, त्यामुळे ड्रायव्हर पहिल्या टोल्यालाच ब्रेक लावतो.

माझं म्हणणं एवढंच की ट्रे शोभेला देऊ नका. वापरता येणाऱ्याच्याच हाती द्या. माझ्या बरोबरीचे पुष्कळ जण आहेत, बोटांना अजून सवय आहे. सध्याच्या वाहकांपैकी ज्यांना शिकायचं असेल त्यांना आम्ही आधी शिकवू. पंच मात्र आमच्याकडे नाहीत, निवृत्त होताना ते जमा केले. विभागाच्या भांडारात विचारावं लागेल.

पांझराकाठ (धुळे)

आप्पा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मला गाडीची काळजी वाटत होती. खरी दुर्मीळ गोष्ट तर तुमच्याकडे आहे. शिकवायला तयार आहात म्हणता, तर तो भाग मी पहिल्यांदा कागदावर घेतो.

चाळीसगाव_ते_विल्टशर

मी सध्या इंग्लंडमध्ये राहते. पांझराकाठ दादांनी लंडनचं लिहिलंय, पण मला जे जास्त भिडलं ते लंडनबाहेरचं आहे.

विल्टशर परगण्यात सॅलिसबरी मैदानावर इम्बर नावाचं खेडं आहे. १९४३ च्या डिसेंबरात अमेरिकन सैनिकांच्या सरावासाठी लष्कराने ते रिकामं करून घेतलं. युद्ध संपलं की परत येऊ, अशा समजुतीने लोक निघाले. त्यांना परत येऊ दिलं नाही. गाव आजही लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी कोणाला जाता येत नाही. जुनं चर्च तेवढं उभं आहे. २००९ पासून ऑगस्टमधल्या एका दिवशी वॉर्मिन्स्टर स्टेशनपासून इम्बरला बस जातात, त्यात जुन्या रूटमास्टर असतात. पाटीवर क्रमांक लागतो २३ए. रीतसर वेळापत्रक, रीतसर थांबे, कंडक्टर. जमा होणारा पैसा धर्मादाय कामाला जातो.

मी गेले तेव्हा माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांना बसच्या मॉडेलशी काही देणंघेणं नव्हतं. त्या सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या आणि नातवाला सांगत होत्या, इथून आमच्या मावशीचं घर दिसायचं. बसमुळे त्यांना त्या रस्त्यावरून जाता आलं. म्हणून माझं मत दादांसारखंच, गाडी उभी करून दाखवण्यात अर्धाही अर्थ नाही. रस्ता हवा.

अक्राणी_महाल (धडगाव)

ताईंनी इम्बरचं लिहिलं आणि मला आमचं नर्मदाकाठ दिसलं. सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीपासून वर अक्राणी-अक्कलकुव्याची किती तरी गावं गेली. त्यातल्या बहुतेकांना एसटी कधी मिळालीच नव्हती, रस्ताच नव्हता. त्यामुळे तिथे जुनी गाडी परत नेण्याचा प्रश्नच नाही. पण वरच्या गावांपर्यंत गाडी आली ती आमच्या डोळ्यांदेखत आली, आणि ती आल्यावर काय झालं ते मी सांगू शकतो.

तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटाने गाडी यायची. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद, मग शहादा-म्हसावदवरून वळसा. उन्हाळ्यात टपावर आमचूरची पोती. कैऱ्या सोलून, फोडी करून, घराच्या छतावर वाळवायच्या, पोतं भरायचं आणि ते पोतं एसटीच्या टपावर चढलं की घरात पैसे येणार, हा हिशोब पोरासोरांना पण माहीत. मोलगीकडून देवगोई घाटाने उतरणाऱ्या गाडीवर भगरीची पोती. मागच्या शिडीवरून हमाल एका दमात वर जायचा. काठी गावच्या होळीला तर मोरपिसांचे टोप घातलेली, अंगावर नक्षी काढलेली माणसं ढोल घेऊन गाडीत चढायची, आणि ढोल टपावर टाकायला कोणी तयार नसायचं. मांडीवर घेऊन बसायची.

आता माझी शंका. तुमच्याकडे जुनी गाडी म्हणजे आठवण आहे. आमच्याकडे अजून बऱ्याच पाड्यांना दिवसातून एकच फेरी आहे. त्या दिवशी जुनी गाडी चालवायला ड्रायव्हर-कंडक्टर कुठून आणणार? आमच्या फेरीतून काढून आणले तर बाजाराला निघालेला माणूस फाट्यावर बसून राहील. मार्गावर येणारी गाडी जादाची असली पाहिजे. नेहमीची एक फेरी जरी रद्द झाली तर माझा या गोष्टीला विरोध राहील.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, ही अट मान्य. पत्रात पहिल्या ओळीत घालतो. नेहमीची फेरी रद्द करून असलं काही करणं म्हणजे एसटीच्याच मुळावर येणं.

नियमावली (जळगाव)

सगळ्यांचा उत्साह पाहून बरं वाटलं, पण कायद्याची बाजू आधी नीट समजून घेऊ, नाहीतर पहिल्याच टेबलावर कागद अडेल.

खऱ्या जुन्या गाड्या वापरायच्या तर दोन अडचणी. पहिली, सरकारी मालकीच्या गाड्यांना पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण मिळत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हा नियम लागू झाला आणि राज्य परिवहन महामंडळांच्या बसही त्यात येतात. दुसरी, केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण ती पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या, खासगी दुचाकी-चारचाकींसाठी आहे. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी. म्हणजे कोणाच्या शेतात एखादी जुनी बेडफर्ड सापडली तरी तिच्यात तिकीट फाडून माणसं बसवता येणार नाहीत.

तशीही ती सापडणं कठीण. एसटीच्या गाड्या आयुष्य संपलं की लिलावात भंगारात जातात, पत्रा वेगळा, इंजिन वेगळं.

वाट एकच दिसते. महामंडळाच्या ताफ्यातली, नोंदणी आणि पासिंग चालू असलेली गाडी घ्यायची आणि तिला बाहेरून-आतून जुनं रूप द्यायचं. परवाना, विमा, सगळं महामंडळाचंच, त्यामुळे तिकीटही रीतसर देता येईल. जुन्या धर्तीचं तिकीट हे मशीनच्या तिकिटासोबत आठवण म्हणून द्या. हिशोब मशीनचा, पंच आप्पांचा.

रिव्हेट (छत्रपती संभाजीनगर, मूळ पाचोरा)

नियमावली साहेबांनी बरोबर वाट दाखवली. माझं आयुष्य बॉडीच्या कामात गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: दापोडी, चिकलठाणा, हिंगणा. सुरुवातीला बॉडीची चौकट लाकडी होती. पुढे ॲल्युमिनियमचे पत्रे आले आणि पिढ्यान् पिढ्या आपण जी लाल गाडी पाहिली ती हीच. अलीकडे माइल्ड स्टीलची बॉडी होते. ती अपघातात जास्त तग धरते, त्यामुळे जुनी ॲल्युमिनियमची बॉडी परत बांधा असं मी कधीच म्हणणार नाही. बस बॉडी कोड, म्हणजे बसच्या बांधणीचे सरकारी नियमही आहेत, त्यांच्या बाहेर जाता येत नाही.

पण रूप देता येतं. रंगापासून सुरुवात करा. आजच्या गाड्यांवर पट्टे, नक्षी, जाहिराती असतात. जुन्या गाडीचा लाल साधा होता, वर पिवळसर पट्टा. पाटी पेंटरकडूनच लिहून घ्या, स्टिकर लावू नका. ब्रशच्या अक्षराला कड असते, ती लांबून कळते. आतल्या सूचना हाताने लिहा: ‘खिडकीबाहेर हात काढू नये’, ‘सुटे पैसे द्यावेत’, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. सीटच्या वर कोणासाठी राखीव तेही लिहा, त्यात ‘स्वातंत्र्यसैनिक’ हवंच. घंटीसाठी छताच्या कडेने दोरी आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पितळी घंटी, हे एका दुपारचं काम आहे.

एक गोष्ट मात्र कोणी आणू शकणार नाही, तो आवाज. पत्रा ठोकताना बाहेरून एक जण रिव्हेट मारायचा, आतून दुसरा लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा. आतल्याने हात जरा ढिला सोडला की रिव्हेट नीट बसत नसे. गाडी मार्गावर गेल्यावर वर्षभरात नेमकी तीच जागा वाजायला लागायची. आम्ही स्टँडवर उभं राहून आवाजावरून सांगायचो, ही आपल्या पाळीची गाडी. लेलँडचं इंजिन वेगळं गुरगुरायचं, टाटाचं वेगळं. टाटाच्या गाड्यांवर १९६९ पर्यंत मर्सिडीज-बेंझचं नाव जोडीला होतं, जुने ड्रायव्हर नंतरही त्यांना मर्सिडीजच म्हणायचे. पॉवर स्टिअरिंग नाही, गिअर टाकताना डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा. कोंडाईबारीचा घाट चढून आलेल्या ड्रायव्हरचे दंड बघण्यासारखे असायचे.

गिरणामाय (भडगाव)

सगळं वाचतेय. सगळ्या चर्चेत बायका डबे देताना दिसल्या आणि तेवढ्याच, म्हणून लिहिते.

आमच्या भागातल्या मुली दहावीच्या पुढे शिकल्या त्या पासावर. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढे भडगाव नाहीतर पाचोरा. वडील सांगायचे, एसटीने जायचं आणि एसटीनेच यायचं. वडाप जीपमध्ये बसलीस तर शिक्षण बंद. कंडक्टर ओळखीचा, ड्रायव्हर ओळखीचा, एखादी मुलगी थांब्यावर दिसली नाही तर कंडक्टर मैत्रिणींना विचारणार, आज ती का नाही आली? घरच्यांचा जो विश्वास होता तो या माणसांवर होता. मी शिक्षिका झाले. माझ्या बरोबरच्या पासवाल्या मुलींपैकी कोणी नर्स आहे, कोणी तलाठी. त्या दिवशी गाडीत पहिली जागा आम्हाला द्या, आम्ही सगळ्या जणी येऊ.

आता कामाचं. जुन्या गाडीची पायरी फार उंच असायची. माझी आई आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे, तिला एसटीचा प्रवास फुकट आहे, मला अर्धं तिकीट आहे. पण पायरी चढता आली नाही तर सवलतीचा काय उपयोग? सध्याच्या गाडीची पायरी आहे तशीच ठेवा, शिवाय प्रत्येक थांब्यावर एक लाकडी पाट आणि धरायला माणूस हवा. ज्यांची आठवण आहे त्यांनाच चढता आलं नाही, असं व्हायला नको.

गावकुसना (नरडाणा)

राम राम भाऊ-बहिनीसहोन. हाऊ धागा वाचीसन मन भरी उनं. आम्हना गावले रातले मुक्कामी गाडी ये. डायवर-कंडक्टर मारुतीना पारवर झोपेत. कोणा घरनी भाकर, कोणा घरनं वरण त्यासले जाये. पहाटे पाचले इंजन सुरू व्हये, तोच आख्खा गावना गजर. आते गाडी येस आनि तशीच फिरी जास. तुम्ही एक दिवस करा, पन गाडी एक रात मुक्कामले बी राहू द्या. मुक्काम नही ते काय मजा?

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, मुक्काम घेतला. एका खेड्यात आदल्या रात्री गाडी जाईल आणि पहाटे तिथूनच पहिली फेरी निघेल. झोपायची सोय गावाने करायची, जेवणाचं तर विचारायलाच नको.

तापीतीर (शहादा)

सगळं जमत आलंय, पण तारखेचा विचार कोणी केलेला दिसत नाही. १ जून म्हणजे खान्देशात अजून रोहिणीचं ऊन. भुसावळ-जळगावचा पारा तुम्हाला माहीत आहे. दुपारी पत्र्याच्या गाडीत पंचाहत्तरीच्या आजीला बसवून धुळे-जळगाव करणार का? शाळा-कॉलेजं बंद, म्हणजे पासवाल्या मुली नाहीत, डबेवाली पोरं नाहीत. वांगी पण तेव्हा भरताची नसतात.

माझं सांगणं, मार्गशीर्षात करा. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा घ्या. दत्तजयंतीला सुरू होते, घोड्यांचा बाजार भरतो, लांबून लांबून लोक येतात. थंडी असते. आणि मुख्य म्हणजे त्या दिवसांत एसटी जादा गाड्या सोडतेच, शहाद्याहून, नंदुरबारहून, दोंडाईच्याहून. अक्राणी भाऊंची अट आपोआप पाळली जाते, कारण गाडी मुळातच जादाची. दोंडाईच्याहून निघायचं, तापीचा पूल ओलांडायचा आणि यात्रेत उतरायचं. हा मार्ग जुना आहे, त्यावरची गर्दी खरी आहे. कोणाला मुद्दाम गोळा करून आणावं लागणार नाही. ज्याला घोडा बघायचाय, नवस फेडायचाय, तोच गाडीत असेल. जुनी गाडी भरून जायची ती अशाच माणसांनी.

बिल्ला_वाहक (अमळनेर)

तापीतीर, लाखातलं बोललात. यात्रेची ड्युटी म्हणजे वाहकाची परीक्षा. मैदानात बांबू बांधून तात्पुरतं स्थानक करायचं, कंट्रोलर टेबल टाकून बसणार, कर्ण्यावर गाडीचं नाव पुकारणार. गाडी भरली की सोडायची, वेळापत्रक नाही. आत पाय ठेवायला जागा नसली तरी तिकीट एकाचंही राहता कामा नये. म्हणून गाडी सुटायच्या आधी खाली उभं राहून दारातच तिकिटं फाडायची. परतीच्या फेरीला प्रत्येकाच्या हातात काही ना काही: घुंगरू, लगाम, पाळण्याची खेळणी, जिलबीचा पुडा. ट्रे दाखवायचाच असेल तर इथे दाखवा.

आणखी एक, मनातलं. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली आमच्या आगाराची गाडी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत गेली. प्रवाशांबरोबर आमचे चालक-वाहकही गेले. ज्या दिवशी जुनी गाडी निघेल त्या दिवशी निघण्याआधी त्यांच्या नावाने दोन मिनिटं उभं राहू. भाषणं नकोत.

अक्राणी_महाल (धडगाव)

सारंगखेड्याला माझा होकार. आमच्याकडचे पण पुष्कळ लोक यात्रेला उतरतात. पण पुढच्या वर्षी एक फेरी चांदसैलीवरून धडगावला आलीच पाहिजे, होळीच्या बाजाराला. ती पण जादाचीच. टपावर सामान ठेवू देत नसतील तर निदान मागची शिडी रंगवून लावा, म्हाताऱ्या हमालांना ती बघायची आहे.

गिरणामाय (भडगाव)

आम्ही भडगावहून धुळ्यापर्यंत नेहमीच्या गाडीने येऊ, तिथून दोंडाईचा. माझ्या मैत्रिणींचे पास कोणी टाकून दिले नसतील, शोधायला सांगितलंय. पाट मी घरून आणते.

पांझराकाठ (धुळे)

ठरलं तर मग. पहिली फेरी दोंडाईचा ते सारंगखेडा, यात्रेच्या दिवसांत, जादा गाडी म्हणून. दोंडाईचा आणि शहादा ही दोन्ही आगारं धुळे विभागात येतात, त्यामुळे पत्र एकाच विभाग नियंत्रकांकडे जाईल. मसुदा मी आणि नियमावली मिळून करतो. रंग आणि सूचनांचं रिव्हेट दादा बघतील, ट्रे आणि घंटीचं शिक्षण आप्पा देतील. मुक्कामासाठी नरडाण्याच्या बाजूचं गाव दूर पडतं, म्हणून शिंदखेडा तालुक्यातलंच पण दोंडाईच्याजवळचं एखादं खेडं लागेल. गावकुसना भाऊ, तुमच्या सोयऱ्या-धायऱ्यांत विचारा. रावेर लाइनचे डबे दुसऱ्या फेरीला, केळीबागवाले भाऊ, थंडी संपायच्या आत.

आता दोन गोष्टी हव्यात. दोंडाईचा-शहादा मार्गाचे जुने थांबे, क्रमाने, ज्यांनी या मार्गावर ड्युटी केली त्यांच्याकडून. आणि पत्र्याच्या पाट्या रंगवणारा पेंटर. दोंडाईच्यात पूर्वी स्टँडसमोर एकाचं दुकान होतं, त्यांच्या घरातलं कोणी ब्रश धरतं का, तेवढं तिकडच्यांनी बघून सांगा.

तापीतीर (शहादा)

पेंटरचा मुलगा आता फ्लेक्सचं दुकान चालवतो, पण वडील अजून मोटारसायकलच्या नंबरप्लेट हाताने लिहितात. उद्या बाजाराला जाणारच आहे, विचारून येतो. पाटीचं माप किती ठेवायचं ते रिव्हेट दादांनी आज रात्रीपर्यंत टाका.